रीडर फोनला जोडतो, पण गाडी बोलत नाही: जुन्या डिझेल गाड्यांसाठी तपासणीचा क्रम

रीडर म्हणजे गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये (ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड ओळखायची सोय) घालून इंजिनची माहिती ब्लूटूथने फोनवर दाखवणारी डबी. आधी लक्षणं. तुमच्या गाडीत यातलं नेमकं कुठलं होतंय ते ओळखा, कारण पुढे काय तपासायचं ते त्यावरच ठरतं.

- रीडर सॉकेटमध्ये घातला, पण त्यावरचा दिवाच लागत नाही.
- दिवा लागतो, फोनवर ‘कनेक्टेड’ येतं आणि लगेच खाली ‘ईसीयूशी संपर्क होत नाही’ असं येतं (ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर).
- चावी ऑन केल्यावर सगळं दिसतं, पण इंजिन सुरू केलं की तुटतं.
- चालता चालता पाच-दहा मिनिटांनी आकडे थिजतात, किंवा आरपीएमचा काटा उड्या मारतो.
- काही आकडे येतात, बाकीच्या जागी नुसत्या रेघा. मायलेज तर भलतंच.
- रात्री रीडर लावून ठेवला आणि सकाळी सेल्फ फिरला नाही.

इंदूरला लोकमान्य नगरात माझं गाड्यांच्या वायरिंगचं छोटं दुकान आहे. जेल रोडवरून किंवा ऑनलाइन तीनशे-पाचशे रुपयांना घेतलेला ब्लूटूथ रीडर हातात धरून लोक येतात आणि म्हणतात, ‘दादा, डबी खराब निघाली.’ कधी ती खराब असतेही. पण बरेचदा रीडर ठीक असतो आणि बिघाड दुसरीकडे असतो. गाडी दहा-पंधरा वर्षांची डिझेल असेल तर तर हमखास.

एक गोष्ट समजली की अर्धं काम होतं. इथे दोन वेगवेगळे धागे आहेत. एक फोन ते रीडर, हा ब्लूटूथचा. दुसरा रीडर ते इंजिनचा कॉम्प्युटर, हा तारेचा. ‘कनेक्टेड’ हा शब्द फक्त पहिल्या धाग्याबद्दल असतो. पहिला धागा नीट असूनही दुसरा तुटलेला असू शकतो. लोक मात्र फोन बदलतात, ॲप बदलतात, तिसरा रीडर मागवतात आणि तार तशीच राहते.

गाडीला बोलता येतं का?

याला एक पैसा लागत नाही, म्हणून हे सगळ्यात आधी.

भारतात बीएस-४ (गाडीच्या धुरासाठीचा सरकारी नियम) गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. पण बीएस-४ स्वतः २०१० मध्ये फक्त १३ शहरांत आलं. त्या यादीत पुणे होतं, सोलापूर होतं, इंदूर नव्हतं. देशभर बीएस-४ सक्तीचं झालं ते एप्रिल २०१७ मध्ये. त्यामुळे आपल्याकडे २०१२ किंवा २०१४ सालची डिझेल गाडी बीएस-३ असू शकते, आणि तिने साध्या रीडरला उत्तर द्यावं असं बंधन तिच्या कंपनीवर नव्हतंच. नुसत्या सालावर जाऊ नका, गाडीच्या कागदावर काय लिहिलंय ते पाहा.

आमच्या गल्लीतले एक काका तिसरा रीडर घेऊन आले होते. गाडी २००९ ची. ‘सॉकेट तर आहे ना रे? मग?’ असं ते परत परत विचारत होते. मी बॉनेट उघडून त्यांना पंप दाखवला. चारही नळ्या पंपातून सरळ एकेका नोझलकडे गेलेल्या. म्हणजे जुना, तारेवर चालणारा यांत्रिक पंप. ‘काका, या इंजिनाला कॉम्प्युटरच नाही. सॉकेट आहे ते इमोबिलायझरसाठी, खरी चावी नसेल तर गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेसाठी.’ कॉमन रेल गाडीत पंपातून नळी आधी एका जाड धातूच्या दांड्याकडे (हीच ‘रेल’) जाते आणि तिथून फाटे फुटून प्रत्येक नोझलला. तो दांडा दिसला तर कॉम्प्युटर आहे हे नक्की. दिसला नाही आणि पंप यांत्रिक असेल, तर इथेच थांबा. पुढचं वाचून तुमचा वेळ जाईल, रीडरचे पैसेही जातील. अशा गाडीचं निदान धूर, आवाज आणि हात यांनीच होतं आणि ते जाणणारे मिस्त्री इंदुरात अजून आहेत.

मोठा ट्रक किंवा बस असेल तर तिथे २४ व्होल्ट असतात. हे स्वस्त रीडर १२ व्होल्टच्या हिशोबाने बनवलेले असतात. तिथे लावूच नका.

दिवा आणि फ्यूज

ओबीडी सॉकेट स्टिअरिंगच्या खाली असतं. रुंद बाजू वर धरली की वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६ अशी भोकं. १६ नंबरला बॅटरीचा थेट पॉझिटिव्ह, ४ आणि ५ ला अर्थ. १६ वर चावी बंद असतानाही करंट असतो. म्हणून रीडर घातल्याबरोबर दिवा लागायला हवा.

नाही लागला तर फ्यूज पाहा. बऱ्याच गाड्यांत या भोकाचा फ्यूज सिगारेट लायटर, टेप किंवा आतल्या दिव्याशी सामायिक असतो. स्वस्त मोबाइल चार्जर लायटरमध्ये शॉर्ट होतो, फ्यूज उडतो, आणि चार्जिंग बंद पडल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. मग महिन्याभराने रीडर आणला जातो आणि दोष त्याच्या माथी. दहा रुपयांचा फ्यूज बदलून कितीतरी गाड्या मी परत पाठवल्या आहेत.

फ्यूज तेवढ्याच ॲम्पिअरचा घाला. १० चा उडाला म्हणून २० चा घालू नका, आणि तारेचा तुकडा तर अजिबात नाही. नवा फ्यूज लगेच परत उडाला तर तार कुठेतरी बॉडीला घासतेय. इथे थांबून वायरिंगवाल्याला बोलवा. गाडी जळायची सुरुवात अशीच होते.

दुसऱ्या गाडीत लावून बघा

शेजाऱ्याची २०१३ नंतरची कुठलीही बीएस-४ पेट्रोल गाडी घ्या, त्यांना विचारून. तिथे रीडर चालला तर फोन, ॲप, रीडर तिन्ही ठीक आहेत आणि प्रश्न तुमच्या गाडीचा किंवा रीडर-गाडी जुळणीचा आहे. दोन मिनिटांच्या या तपासणीने सगळ्यात जास्त उलगडा होतो, तरी ती फार कमी लोक करतात. एवढं मात्र लक्षात ठेवा: नव्या गाडीत चालला म्हणून जुन्यात चालेलच असं नाही. कारण पुढे येतंय.

फोनबद्दल थोडक्यात. साध्या ब्लूटूथ रीडरचा पिन १२३४ किंवा ०००० असतो. अँड्रॉइडवर ॲपला ‘जवळची उपकरणं’ आणि लोकेशनची परवानगी द्या. आयफोनला जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ रीडर चालत नाही, त्यासाठी ‘लो एनर्जी’ प्रकारचा किंवा वायफायचा लागतो. घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन आधीच त्या रीडरला जोडलेला असेल तर तुमचा जोडणार नाही.

हीटरचा दिवा विझू द्या

हे खास डिझेलचं. चावी ऑन केली की डॅशबोर्डवर तो स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागतो. त्या वेळी हीटर प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला मदत करणारे) मिळून बॅटरीतून कित्येक ॲम्पिअर खेचत असतात. जुन्या बॅटरीचं व्होल्टेज त्या काही सेकंदांत चांगलंच खाली येतं. नेमक्या त्याच वेळी ॲप हाक मारायला लागलं तर रीडर अडखळतो. दिवा विझू द्या, इंजिन सुरू करा, अर्धा मिनिट थांबा, मग ॲपमध्ये कनेक्ट करा. डिसेंबर-जानेवारीतल्या ‘सकाळी चालत नाही, दुपारी चालतो’ अशा तक्रारी बहुतेक इतक्यावर मिटतात.

सेल्फ मारताना रीडर तुटला तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. व्होल्टेज पडतं, रीडर बंद होऊन परत सुरू होतो. ॲप परत जोडा.

टॉर्च घेऊन सॉकेटमध्ये डोकवा

रीडर काढा आणि आत उजेड पाडा. पहिलं, पिना मागे सरकलेल्या, वाकलेल्या किंवा हिरव्या पडलेल्या आहेत का ते पाहा. पावसाळ्यात पायाशी पाणी आलेल्या गाडीत हिरवटपणा येतोच. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वाळू द्या. सुईने किंवा पिनेने आत खुपसू नका, भोक सैल झालं की धक्क्याधक्क्याला संपर्क तुटत राहील.

दुसरं, कुठल्या भोकात धातू आहे ते मोजा. ६ आणि १४ मध्ये असेल तर गाडी ‘कॅन’ भाषेत बोलते. फक्त ७ मध्ये असेल (कधी सोबत १५) तर ‘के-लाइन’. तिन्ही रिकामी आणि भलत्याच भोकांत तारा असतील तर गाडी फक्त कंपनीच्या यंत्राशी बोलते. हे कागदावर लिहून ठेवा.

के-लाइन आणि नकली चिप

जुन्या डिझेल गाड्यांची खरी गोम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

या रीडरच्या आत जी चिप असल्याचं सांगतात ती ईएलएम३२७. मूळची कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची. तिच्या पहिल्या आवृत्तीला नक्कल रोखणारं कुलूप नव्हतं. नक्कल झाली आणि बाजार भरून गेला. मूळ कंपनीने २०२२ मध्ये कामही बंद केलं. डबीवर ‘१.५’ लिहिलेलं दिसतं, पण मूळ कंपनीने १.५ अशी आवृत्ती कधी काढलीच नाही, १.४ नंतर ती थेट २.० वर गेली. ‘२.१’ लिहिलेल्या बऱ्याच नकलांमध्ये जुन्या भाषा अर्धवट असतात किंवा नसतातच. नवी गाडी कॅनवर बोलते, म्हणून शेजाऱ्याकडे तो रीडर सुरळीत चालतो. तुमची के-लाइनवाली गाडी मात्र त्याला कळत नाही.

के-लाइन हळू असते, सेकंदाला साधारण १०,४०० बिट. नव्या गाड्यांच्या कॅनचा वेग ५ लाखांच्या घरात. शिवाय काही गाड्यांना जागं करण्यासाठी सुरुवातीची हाक सेकंदाला फक्त ५ बिट इतक्या संथपणे द्यावी लागते, आणि त्या एका हाकेलाच दोन सेकंद जातात. घाईतला नकली रीडर तेवढा धीर धरत नाही. जोडल्यावरही पाचेक सेकंद शांतता झाली की इंजिनचा कॉम्प्युटर संभाषण संपलं असं धरतो. चांगला रीडर मध्येमध्ये ‘आहे ना?’ विचारत राहतो. वाईट रीडर विसरतो आणि आकडे थिजतात.

यावर फुकटचे तीन उपाय. ॲपमधली ‘ऑटो’ भाषा काढून हाताने निवडा. फक्त ७ मध्ये धातू असेल तर आधी ‘आयएसओ १४२३० फास्ट’, मग ‘आयएसओ १४२३० स्लो’, मग ‘आयएसओ ९१४१’. प्रत्येक वेळी चावी पूर्ण बंद करून दहा सेकंद थांबा, कारण अर्धवट जागा झालेला कॉम्प्युटर दुसऱ्या हाकेला ओ देत नाही. दुसरा उपाय, ॲपमधला थांबण्याचा अवधी वाढवा. तिसरा, एका पानावर तीन-चारच काटे ठेवा. दहा काटे लावले की प्रत्येकाची पाळी उशिरा येते आणि काटा उड्या मारताना दिसतो. तो इंजिनचा दोष नव्हे.

तिन्ही करूनही नाही आणि ७ मध्ये धातू आहे, तर के-लाइनवर चालतो अशी खात्री असलेला रीडर कुणाकडून तरी उसना आणा. विकत घेण्याआधी उसना.

बॅटरी, अर्थिंग, अल्टरनेटर

इथून पुढे मल्टिमीटर लागेल. दोन-तीनशे रुपयांचा पुरतो. रीडर दाखवतो त्या व्होल्टेजवर विसंबू नका, स्वस्त रीडरचा आकडा चुकलेला असू शकतो.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.५ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना १० च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून घरातल्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थिंग पट्टी गंजलीय. जुन्या डिझेलचा सेल्फ खूप करंट ओढतो. अर्थिंग कमजोर असेल तर तो करंट भलत्या वाटा शोधतो आणि कॉम्प्युटरला गोंगाट ऐकू येतो.

‘चावीवर चालतं, इंजिन सुरू केलं की तुटतं’ या लक्षणाचं मूळ मला बहुतेकदा अल्टरनेटरमध्ये, म्हणजे चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रात सापडलंय. एका टॅक्सीवाल्या भावाची गाडी ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात दर वेळी पिकअप सोडायची आणि रीडरही तिथेच तुटायचा. त्याला वाटलं, रीडरमुळेच गाडी बिघडतेय. मीटर एसीवर ठेवून चालू इंजिनवर बॅटरी मोजली, तर अर्ध्या व्होल्टच्या वर. अल्टरनेटरमधला डायोड गेलेला. डायोड बदलल्यावर रीडरही टिकला आणि गाडीही घाट चढली. रीडरचं तुटणं ही तिथे खरी बातमी होती, तो नुसता अडथळा नव्हता.

मध्ये कोण बसलंय?

नंतर बसवलेली सेंट्रल लॉकिंग, अलार्म, जीपीएस ट्रॅकर. विशेषतः ट्रॅव्हल्सच्या गाड्यांत ट्रॅकरवाले करंट आणि कधी डेटाही याच सॉकेटच्या मागून घेतात. के-लाइनवर दोघं एकदम बोलायला लागले की दोघांचंही कुणाला कळत नाही. ट्रॅकरचा सॉकेट काढून पाहा. काही गाड्यांत के-लाइन इमोबिलायझरमधून पुढे जाते. चावी हरवल्यावर कुणी इमोबिलायझर बायपास केला असेल तर तार तिथेच तुटलेली असते. ही तपासणी घरी करू नका.

कॅनवाल्या गाडीत बॅटरी काढून ६ आणि १४ मध्ये ओहम मोजता येतात. साधारण ६० ओहम हवेत. १२० आले तर एक टोक सुटलेलं, शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या. इथवर आलात तर घरच्या तपासणीची हद्द संपली.

आकडे आले, पण भलतेच

मायलेजवर विश्वास ठेवू नका. बरीच ॲप हवेच्या मोजमापावरून इंधन काढतात आणि त्यात पेट्रोलचं १४.७ ला १ हे प्रमाण धरतात. डिझेल इंजिन नेहमीच जास्तीच्या हवेवर चालतं, उभ्या गाडीत तर फारच. त्यामुळे ॲप इंधन जास्त दाखवतं. टाकी फुल ते टाकी फुल, हाच हिशोब करा. रेघा दिसतात ते आकडे तुमची गाडी देतच नाही. पेट्रोलसाठीचे बरेच सेन्सर डिझेलमध्ये नसतात.

कोडबद्दल (कॉम्प्युटरने साठवलेला बिघाडाचा नंबर) कळकळीने सांगतो: पुसण्याआधी फोटो काढा. कोडसोबत कॉम्प्युटर त्या क्षणाचा वेग, आरपीएम, पाण्याचं तापमान साठवतो. ‘क्लिअर’ दाबलं की तेही जातं आणि मिस्त्रीला शून्यातून सुरुवात करावी लागते. शिवाय कोड भाग सांगत नाही, लक्षण सांगतो. पी ००८७ म्हणजे रेलमधला दाब कमी. त्याचं कारण चोंदलेला डिझेल फिल्टर असू शकतं किंवा गळकं नोझल असू शकतं. एकाला काहीशे रुपये, दुसऱ्याला हजारो. पी ०४०१ म्हणजे ईजीआरचा (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) प्रवाह कमी, बहुतेकदा काजळी. कमी बॅटरीत खोटे कोडही उठतात, म्हणून बॅटरीची तपासणी कोडच्या आधी.

थांबा आणि माणूस बोलवा

फ्यूज दुसऱ्यांदा उडाला. तार जळाल्याचा वास आला. इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतोय. पिवळ्या रंगाच्या कनेक्टरला हात लावायची वेळ आली, तर तो एअरबॅगचा असतो. यातलं काहीही असेल तर अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन.

रेल, पंप, नोझल यांच्या नळ्या चालू इंजिनवर कधीही सैल करू नका. टायरमध्ये साधारण २ बार हवा असते, कॉमन रेलमध्ये दाब १,००० बारच्या वर जातो. तिथून सुटलेली केसाएवढी डिझेलची धार कातडीच्या आत शिरते. बाहेर फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, आत बोट गमावण्याइतकी इजा असते. असं झालंच तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा आणि ‘दाबाखालचं डिझेल शिरलंय’ हे स्पष्ट सांगा. जुन्या यांत्रिक पंपांवर नळी सैल करून नोझल तपासणारे हात मी पाहिलेत. कॉमन रेलवर ती सवय चालत नाही. दाबाचा कोड आला आणि फिल्टर बदलूनही गेला नाही, तर पंप-नोझलच्या लॅबमध्येच गाडी न्या. नवं नोझल बसवल्यावर त्याचा नंबर कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो आणि ते या रीडरचं काम नाही.

जाताना कोडचे फोटो, सॉकेटच्या भोकांचा कागद आणि बॅटरीचे तीन आकडे (उभी, सेल्फला, चालू) सोबत न्या. आणि रीडर काढून ठेवा. माझ्याकडच्या एकाने चावी बंद असताना ४० मिलीॲम्पिअर ओढले, म्हणजे दिवसाला जवळपास एक ॲम्पिअर-तास. गाडी पंधरा दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली तर परत आणताना धक्का मारावा लागू शकतो.